रताळ्याचे वाण: तिसऱ्या हंगामाची नोंद

काढणी संपली. मी रताळ्याचे वाण जपते आणि प्रत्येकाला वहीत एक क्रमांक देते. गेल्या नोंदीत २६ वाण होते, आज वहीत २४ आहेत. आकडा घटला, तरी हाच हंगाम मला आतापर्यंतचा सर्वांत चांगला वाटतो, कारण प्रत्येक क्रमांकापुढे काय लिहिलंय ते आता मी खात्रीने सांगू शकते.

आधी क्रमांक ७ आणि १९ बद्दल. दोन वेगळ्या माणसांकडून, दोन वेगळ्या नावांनी आलेले हे वाण. एकाचं नाव सालीच्या रंगावरून, दुसऱ्याचं पानाच्या आकारावरून पडलेलं. शंका गेल्या वर्षीच आली होती, म्हणून या वेळी दोन्हींची कांडी, म्हणजे लावायचे वेलाचे तुकडे, एकाच दिवशी, शेजारशेजारच्या वरंब्यांवर लावली. असं केल्याशिवाय तुलना करू नका, मंडळी. सावलीतलं पान आणि उन्हातलं पान एकाच वेलावर इतकं वेगळं दिसतं की आपण सहज फसतो. वर्णनासाठी १९९१ साली प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय लक्षणसूची वापरते: पानाच्या खाचा, कोवळ्या शेंड्याचा रंग, पानामागच्या शिरांवरची जांभळी छटा, पेरांची लांबी, साल, गर आणि गरात दुसरा रंग असेल तर तो कडेने आहे की ठिपक्यांत. लागवडीनंतर ९० दिवसांनी, वेलाच्या मधल्या भागातली पानं घेऊन सगळं तपासलं. एकाही लक्षणात फरक निघाला नाही. वहीत दोन्ही एका क्रमांकाखाली आणले, नावं मात्र दोन्ही ठेवली. आणि प्रत्येकाची एकेक कुंडीही ठेवली आहे. डोळ्यांना दिसत नाही असा फरक जनुकांत असू शकतो आणि कुंडीला जागा ती किती लागते!

क्रमांक ३ कायमचा गेला. याचं मला फार वाईट वाटतं. पांढऱ्या गराचा, लांब पेरांचा हा वेल दुसऱ्या कुणाकडे असल्याचं मला माहीत नाही. पानं अरुंद आणि चुरगळलेली झाली, वेल खुंटला, खाली बोटभर मुळं. लक्षणं रताळ्याच्या विषाणू रोगाची होती. यात बहुतेकदा दोन विषाणू एकत्र येतात. एक माव्यामार्फत पसरतो, दुसरा पांढऱ्या माशीमार्फत. पहिला एकटा असला तर पानावर जेमतेम फिकट ठिपके दिसतात, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. दुसरा येऊन मिळाला की पीकच बसतं. बेणं वेलाचंच असल्यामुळे आजार कांडीबरोबर पुढच्या हंगामात जातो. त्या ठिपक्यांच्या वेलावरून मी कांडी घेतली होती, चूक तिथे झाली. आता शंका आली की त्या वेलाचं कलम इपोमिया सेटोसाच्या रोपावर करते. रताळ्याच्या या नातलगाच्या पानांवर विषाणूची लक्षणं लवकर आणि ठळक उमटतात.

कांडीऐवजी बी धरून वाण का जपत नाही, असं काहींनी मला विचारलं होतं. रताळ्यात गुणसूत्रांचे सहा संच असतात, एकूण ९०. शिवाय बहुतेक वाण स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत, त्यामुळे बियांतून उगवणारं प्रत्येक रोप नवीच व्यक्ती असते. बियांत जनुकं टिकतात, पण ‘हाच’ वाण टिकत नाही. तो हवा असेल तर कांडीला पर्याय नाही. पेरू देशातल्या लिमा शहरातल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या जनुकपेढीतही रताळ्याचे वाण काचनळ्यांत, ऊतीसंवर्धनाने (वेलाच्या बारीकशा तुकड्यापासून रोप वाढवून), जिवंत रोपं म्हणूनच सांभाळले जातात. आपल्याकडे काचनळ्या नाहीत, पण एकमेकांची अंगणं आहेत.

क्रमांक ११ त्यामुळेच वाचला. काढलेली रताळी चार ते सात दिवस साधारण ३० अंशांवर, दमट हवेत ठेवून सालीवरच्या जखमा भरू द्यायच्या आणि मग १३ ते १५ अंशांवर साठवायची, हे मला पाठ आहे. तरी थंडीत त्या खोलीचं तापमान बरेच दिवस १० च्या खाली राहिलं आणि सगळी आतून काळी पडून सडली. वेलाची कुंडी ठेवलेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मी ज्यांना कांडी दिली होती, त्यांनी सहा कांड्या ओल्या फडक्यात गुंडाळून परत पाठवल्या. पाच जगल्या. पार्सल उघडलं तेव्हा डोळे भरून आले, लपवत नाही.

तेव्हापासून प्रत्येक वाणाची कांडी किमान दोघांकडे असल्याशिवाय मी वहीत त्यापुढे ‘सुरक्षित’ असं लिहीत नाही. आज असे १५ आहेत. उरलेल्या ९ साठी सांभाळणारे हवे आहेत. तुमच्याकडे ऊन आणि दोन मोठ्या कुंड्या असतील तर कळवा.

आता क्रमांक १४. याची साल तांबडी. यंदा एका रताळ्यावर अंगठ्याएवढा फिकट, जवळजवळ मलईच्या रंगाचा पट्टा निघाला. रताळ्यात असे कायिक बदल, म्हणजे बियांतून नव्हे तर वाढत्या वेलाच्या किंवा मुळाच्या एखाद्या भागातच होणारे जनुकांतले बदल, होतात, आणि वेलाच्या डोळ्यांपेक्षा मुळावर नव्याने फुटणाऱ्या कोंबांत जास्त. म्हणून एरवी वाण शुद्ध राखायला मी वेलाचीच कांडी घेते. या वेळी मुद्दाम ते रताळं ओल्या वाळूत आडवं ठेवलं. पट्ट्यातून दोन कोंब आले, बाकी सालीतून पाच. सातही वेगळे लावले आहेत, चिठ्ठ्या शिसपेन्सिलीने लिहिल्या आहेत, कारण शाईने लिहिलेल्या पावसात टिकत नाहीत. पट्ट्यातल्या एका कोंबाला काल चौथं पान आलं. देठ हिरवा आहे, बाकी पाचांचे जांभळट.