थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी आलेलं प्रिस्क्रिप्शन

रेसिडेंट म्हटलं की आपल्याकडे ससून नाहीतर केईएममधले डोळे तारवटलेले डॉक्टर आठवतात. फार्मासिस्टही रेसिडेन्सी करतो असं मी कोल्हापूरच्या मामाला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "बरं, मग मेडिकल कधी टाकणार?" त्याचं फारसं चुकत नव्हतं. अमेरिकेतही ही रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं वर्षभराचं प्रशिक्षण, सक्तीची नाही. फार्म.डी. ही इथली फार्मसीची पदवी झाली, नॅपलेक्स ही परवान्याची परीक्षा आणि राज्याच्या कायद्याची परीक्षा सुटली की काउंटरमागे उभं राहता येतं, पगारही घसघशीत मिळतो. रेसिडेन्सी घेणारे हिवाळाभर अर्ज आणि मुलाखती करतात, कुणाला कुठली जागा ते ठरवणाऱ्या 'मॅच'च्या निकालाची मार्चमध्ये वाट बघतात आणि मग त्या पगाराच्या निम्म्याहून कमी पैशात वर्षभर राबतात.

माझ्या बाबतीत हा वेडेपणा जरा जास्तच होता. माझं बी.फार्म. चार वर्षांचं. २००३ नंतर पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टला इथल्या समकक्षतेच्या परीक्षेला बसायचं तर किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. म्हणजे दार बंद. मग पहिल्यापासून फार्म.डी. केलं आणि त्यावर हे आणखी एक वर्ष घेतलं.

नॉर्थ कॅरोलिनात रॅलेजवळ एका मालकाचं स्वतंत्र औषधांचं दुकान आहे, तिथं मी रेसिडेंट आहे. वरच्या मजल्यावर फॅमिली मेडिसिनचं क्लिनिक. आठवड्यातले काही दिवस खाली, काही वर. या राज्यात अशा कामाची परंपरा आहे. १९९६ मध्ये इथल्या ॲशव्हिल शहरानं आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांना नेहमीच्या औषधांच्या दुकानांतल्या फार्मासिस्टकडे पाठवायला सुरुवात केली, नियमित बसून साखरेचा हिशोब करायला. २००० पासून इथं 'क्लिनिकल फार्मासिस्ट प्रॅक्टिशनर' अशी मान्यता मिळते. ती असलेला फार्मासिस्ट डॉक्टरांशी केलेल्या लेखी कराराच्या चौकटीत डोस बदलू शकतो, तपासण्या मागवू शकतो. माझ्या प्रिसेप्टरकडे, म्हणजे मला शिकवणाऱ्या फार्मासिस्टकडे, ती आहे. माझ्याकडे नाही, मी तिच्या देखरेखीखाली काम करते.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या बुधवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गुरुवारी सगळं बंद, शुक्रवारी बरेचसे दवाखाने बंद, म्हणून जो तो चार दिवसांची बेगमी करायला आलेला. तीनच्या सुमारास टेक्निशियननं मला हाक मारली. एक तरुण किमतीवर अडला होता. जवळच्या एका अर्जंट केअरनं, म्हणजे आयत्या वेळी जायच्या दवाखान्यानं, त्याच्या आईसाठी एलिक्विस लिहून पाठवलं होतं, म्हणजे ॲपिक्साबान, पाच मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. इन्शुरन्स नाही, त्यामुळे महिन्याचे पाचशे डॉलरच्या वर होत होते. एखादं कुपन मिळेल का, एवढंच त्याला हवं होतं.

आमच्या सॉफ्टवेअरनं एकही इशारा दिला नव्हता. कसा देणार? त्यात नाव, जन्मतारीख आणि 'ॲलर्जी नाही' एवढंच होतं. डोस बरोबर, वय बासष्ट, दुसरं औषध नोंदलेलं नाही. सगळं हिरवं.

आडनाव वाचून मी मराठीत विचारलं, "ही गोळी कशासाठी दिलीय?"

"रक्त पातळ करायची. आईची इंडियातली संपली, इथं ती मिळतच नाही म्हणे." त्यानं खिशातून रिकामी स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवली. ॲसिट्रोम २.

ॲसिट्रोम म्हणजे ॲसिनोकुमारोल. रक्त पातळ करणाऱ्या जुन्या वॉरफेरिनच्याच कुळातलं, भारतात सर्रास वापरतात, अमेरिकेत विकलंच जात नाही. अर्जंट केअरमध्ये काय झालं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं: नाव संगणकात सापडलं नाही, रक्त पातळ करायचं आहे एवढं कळलं, म्हणून आजकालची चांगली गोळी दिली. हृदयाचे ठोके अनियमित असते तर त्यात काहीच वावगं नव्हतं. पण आपल्याकडची साठीची बाई वर्षानुवर्षं ॲसिट्रोमवर असली की माझ्या डोक्यात आधी दुसरंच येतं. लहानपणी अंगावर काढलेला ऱ्हुमॅटिक ताप, त्यानं खराब झालेली हृदयाची झडप, बहुतेकदा डाव्या कप्प्यांमधली मायट्रल, आणि बदललेला व्हॉल्व्ह.

"आई कुठायत?"

"गाडीत बसलीय."

काकू आल्या, साडीवर मुलाचं जाडजूड जाकीट घालून. काउन्सिलिंगच्या छोट्या खोलीत त्यांना बसवलं, दार लावलं, बाहेरचा गलका थांबला आणि मला ते ऐकू आलं. टिक्, टिक्, टिक्. खोलीत घड्याळ नव्हतं.

"काकू, व्हॉल्व्ह बदललाय का तुमचा?"

"व्हय की. पंधरा वर्सं झाली." मग लेकाकडे बघून, "हिला कसं कळलं रं?"

अर्जंट केअरला हे सांगितलं होतं का, असं मी मुलाला विचारलं. हार्टचं काही आहे का असं त्यांनी विचारलं, तो हो म्हणाला, विषय तिथंच संपला.

धातूच्या किंवा कार्बनच्या कृत्रिम व्हॉल्व्हला या नव्या गोळ्या चालत नाहीत. त्यांतलंच डाबिगाट्रान देऊन पाहिलं तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि २०१२ मध्ये एफडीएनं, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेनं, अशा रुग्णांत ते निषिद्ध ठरवलं. ॲपिक्साबानची चाचणीसुद्धा २०२२ मध्ये गुठळ्यांमुळेच थांबली. अशा व्हॉल्व्हला अजून जुनं वॉरफेरिनच लागतं, किंवा त्याचं भावंड.

पण मला खरी धडकी भरली ती काकूंच्या पुढच्या वाक्यानं. नातवाचं बारसं होईपर्यंत तिकीट पुढं ढकललं होतं, गोळ्या मात्र जुन्या तिकिटाच्या हिशोबानं आणलेल्या. "म्हणून मग एक दिवसाआड घेत हुते. पोराला खर्चात कशाला पाडायचं?" शेवटची गोळी सोमवारी घेतली होती. ॲसिनोकुमारोल शरीरातून वॉरफेरिनपेक्षा फार लवकर उतरतं. म्हणजे त्या व्हॉल्व्हभोवतीच्या रक्ताला त्या घटकेला जवळजवळ काहीच संरक्षण नव्हतं.

धाप लागते का, बोलताना जीभ अडखळली का, हातापायात मुंग्या, चेहरा वाकडा? नाही, नाही, नाही. मी प्रिसेप्टरला वरून बोलावलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "तुझा बेत काय आहे?" रेसिडेन्सीच्या पुस्तकात प्रिसेप्टरच्या चार भूमिका सांगितल्यात: शिकवणं, करून दाखवणं, सोबत राहून सुधारणं आणि शेवटी बाजूला उभं राहणं. चौथी भूमिका दुकानात तुडुंब गर्दी असतानाच का आठवावी, हे मला अजून कळलेलं नाही.

मी अर्जंट केअरला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर लिहून देणाऱ्या बाई लाइनवर आल्या. ही नवी गोळी, हिला रक्त तपासावं लागत नाही, खाण्याचं बंधन नाही, असं त्या सांगू लागल्या. मी म्हटलं, "मायट्रल जागी मेकॅनिकल व्हॉल्व्ह असावा असं वाटतंय, कागद मागवतेय." पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग, "कॅन्सल करा. थँक यू." वाद झाला नाही. मी वादाची जय्यत तयारी ठेवली होती, ती वाया गेली.

क्लिनिक पाचला बंद होणार होतं. डॉक्टरांनी काकूंना मधे घुसवलं. बोटातून थेंब घेऊन आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, काढला: १.४. मायट्रल जागच्या अशा व्हॉल्व्हला तो २.५ ते ३.५ असावा लागतो. डॉक्टरांनी ड्यूटीवरच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला, त्यांचा पहिलाच प्रश्न, "व्हॉल्व्ह कुठला?"

साताऱ्यात रात्रीचे दोन वाजून गेले होते. काकूंच्या थोरल्या मुलीनं उठून कपाटातली प्लास्टिकची फाइल काढली आणि व्हॉट्सॲपवर पान न् पान पाठवलं. फाइल नीटनेटकी ठेवण्याची आपल्या घरांतली ही सवय अमेरिकेतल्या कुठल्याही आरोग्यप्रणालीनं शिकावी. डिस्चार्ज कार्डवर होतं, मायट्रल व्हॉल्व्ह रिप्लेसमेंट, टीटीके चित्रा. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेला, १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवलेला, परदेशी व्हॉल्व्हच्या मानानं स्वस्त असलेला आपला व्हॉल्व्ह. फोनवरच्या तज्ज्ञांनी हे नाव ऐकलेलं नव्हतं. एकच तबकडी कलती होऊन उघडझाप करते, असं मी सांगितलं तेव्हा त्यांना पुढं काही विचारायची गरज पडली नाही. वॉरफेरिन आजपासून, ते चढेपर्यंत रक्त पातळ ठेवणारी एनॉक्झापॅरिनची इंजेक्शनं, सोमवारी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. धाप लागली, बोलणं अडखळलं किंवा ती टिकटिक मंद वाटू लागली तर थेट इमर्जन्सी.

वॉरफेरिनचा डोस सुचवायचं काम माझ्याकडे आलं. गोळ्या नियमित असताना काकू रोज दोन मिलिग्रॅम ॲसिट्रोमवर होत्या, आणि फाइलमधले तेव्हाचे आयएनआर बहुतेक तीनच्या आसपास. वॉरफेरिन साधारण त्याच्या दुप्पट लागतं, म्हणून चार मिलिग्रॅम. प्रिसेप्टरनं माझं गणित तपासलं, डॉक्टरांनी सही केली. इथं वॉरफेरिनच्या प्रत्येक ताकदीचा रंग ठरलेला असतो, चारची गोळी निळी. "निळी, रोज संध्याकाळी, चुकवायची नाही, वाचवायची तर मुळीच नाही," असं मी कागदावर मराठीत लिहून दिलं. वजन अठ्ठावन्न किलो, म्हणून एनॉक्झापॅरिन साठ मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी. किडनीसाठी रक्त घेतलं. फाइलमधला आधीचा आकडा चांगला होता, त्यावर पहिला डोस द्यायचं ठरलं.

इंजेक्शनचं नाव काढताच मुलाचा चेहरा पांढराफटक. घरी ओली बाळंतीण, तिला सांगता येत नाही. काकू म्हणाल्या, "दे हिकडं. तुज्या काकांना दहा वर्सं इन्शुलिन मीच टोचत हुते." आणि त्यांनी झोकात टोपण काढलं, सिरिंज उभी धरली, टिचकी मारली आणि हवेचा बुडबुडा काढायला दट्ट्यावर अंगठा ठेवला. मी हात धरला. इन्सुलिनला जे बरोबर ते इथं चूक: या भरलेल्या सिरिंजमधला बुडबुडा काढायचा नसतो, काढायला गेलं की औषधही सांडतं. काकूंना हे अजिबात पटलं नाही. हवा अंगात गेली तर माणूस दगावतो, हे त्यांच्या गावच्या कंपाउंडरनं सांगितलेलं. ही सुई शिरेत जात नाही, पोटाच्या चरबीत जाते, तिथं एवढीशी हवा काही करत नाही, असं दोनदा सांगितल्यावर त्यांनी माझ्यावर उपकार केल्यासारखं पोटाची चिमूट धरली आणि एका दमात टोचलं. हात इतका स्थिर की प्रिसेप्टर बघतच राहिली.

मग बाकीच्या गोष्टी. गुडघ्यासाठी मुलगा देत होता ते ॲडव्हिल, म्हणजे आयब्युप्रोफेन, बंद, त्याऐवजी पॅरासिटामॉल, तेही मोजून. साताऱ्याच्या डॉक्टरांनी पालेभाजी बंद केलीय म्हणून काकू मेथीला शिवतही नव्हत्या. खा, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच खा, असं सांगितलं.

सहा वाजता दुकानाच्या मालकांनी हिशोब बघितला. पाचशे डॉलरचं प्रिस्क्रिप्शन गेलं, त्या जागी काही डॉलरचं वॉरफेरिन आलं, आणि खाली-वर करण्यात गेलेल्या माझ्या तीन तासांचं बिल कुणालाच लावता येत नाही. मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, फार्मासिस्टला अजूनही सेवा देणारा म्हणून धरत नाही, आणि काकूंकडे तर मेडिकेअरही नव्हतं. ते चिडले नव्हते, नुसतं सांगत होते.

पुढं सगळं सरळ झालं. सोमवारच्या इकोत तबकडी नीट उघडत होती. आठवड्याभरात आयएनआर २.८ झाला, इंजेक्शनं थांबली. काकूंच्या परतीच्या आधी मी त्यांच्या साताऱ्याच्या डॉक्टरांसाठी पत्र तयार केलं, कुठल्या तारखेला किती वॉरफेरिन आणि किती आयएनआर ते सगळं मांडून.

रेसिडेंट्सच्या बैठकीत ही केस मांडली तेव्हा एका ज्येष्ठ फार्मासिस्टनं विचारलं, "त्या दिवशी काउंटरवर रेसिडेंट नसता तर?" मला वाटतं, गोळी गेली असती. आमच्या दुकानातली नेहमीची फार्मासिस्ट माझ्यापेक्षा जास्त जाणते, पण त्या दुपारी तिच्यासमोर रांग होती आणि दर मिनिटाला एक बाटली तपासून सोडायची होती. 'ही कशासाठी?' असं विचारून उत्तराची वाट बघायला वेळ होता फक्त माझ्याकडे. निम्म्या पगारात मला मिळतं ते हेच, आणि ते तिला मिळत नाही याचं मला वाईट वाटतं. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर बैठकीत फारशी चर्चा झाली नाही.

दुकानात मात्र मालकांनी एक चिठ्ठी सुरू करू दिली, कुरकुरत का होईना, कारण प्रत्येकामागे दोन मिनिटं जातात. मायदेशाहून भेटीला आलेल्या कुणाचंही पहिलं प्रिस्क्रिप्शन आलं की टेक्निशियन चार गोष्टी विचारते: बरोबर आणलेल्या गोळ्या कुठल्या, मोठी ऑपरेशनं कुठली, शिल्लक किती आणि परतीचं तिकीट कधीचं. परवा एका आजोबांनी शेवटच्या प्रश्नाला उत्तर दिलं, "पोरगा ठरवंल तेव्हा." मी त्यांची पिशवी मागून घेतली आणि गोळ्या मोजायला बसले.