शिकागोचा हिवाळा, ट्रायडंट मेपल आणि ऑगस्टचं प्रदर्शन

शिकागोच्या परिसरात बोन्साय करणाऱ्यांचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. प्रदर्शन ऑगस्टमध्ये असतं, ग्लेन्कोच्या शिकागो बोटॅनिक गार्डनमध्ये. पण त्या टेबलावर कुठलं झाड जाणार, याचा बराचसा निकाल आधीच्या थंडीतच लागलेला असतो. २०१९ मध्ये मी पहिल्यांदा तिथे माझं झाड मांडलं. बर्फाच्या प्रदेशात राहणारे आणि हौसेनं कुंड्या सांभाळणारे आपले लोक मला नेहमी एकच विचारतात, की एवढ्या थंडीत ही झाडं जगतात कशी? म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

झाड ट्रायडंट मेपल. मूळचं चीनकडचं, पानाला तीन टोकं. आमच्या बोन्साय क्लबच्या लिलावात मला मिळालं तेव्हा बुंधा छान जाड होता, खाली मुळंही चहूबाजूंनी पसरलेली होती, वरचा डोलारा मात्र अस्ताव्यस्त होता. ते घेऊन मी क्लबच्या मासिक बैठकीला गेले. या बैठकांना प्रत्येकानं आपलं झाड आणायचं, मधल्या टेबलावर ठेवायचं आणि जाणत्या मंडळींनी ते फिरवून फिरवून बघायचं, अशी पद्धत आहे. आता फांद्यांबद्दल काही सांगतील म्हणून मी वही उघडून बसले होते. क्लबमधल्या एका ज्येष्ठ सभासदांनी झाड पाहिलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "हे हिवाळ्यात कुठे राहणार?"

प्रश्न किती नेमका होता, ते मागचं कारण समजल्यावर कळलं. मेपलच्या फांद्या आणि त्यांवरचे डोळे, म्हणजे पालवी फुटते ते अंकुर, कडाक्याची थंडी सोसतात. मुळं सोसत नाहीत. जमिनीत लावलेल्या झाडाची मुळं मातीच्या उबेत असतात. वर हवा उणे वीस असली तरी खाली माती शून्याच्या थोडीशीच खाली जाते. कुंडीतल्या मुळांना ते संरक्षण नाही. चार बोटं खोल मातीला गारठा पाचही बाजूंनी लागतो. त्यात ट्रायडंटची मुळं मांसल, पाण्यानं भरलेली. ती गोठली की फुटतात. वरून झाड धडधाकट दिसतं, वसंतात डोळे फुगतातही, आणि मग एकाएकी सगळं काळं पडतं.

म्हणून झाड घरात, उबेत आणायचं का? नाही, तेही चालत नाही. समशीतोष्ण प्रदेशातल्या झाडाला विश्रांती लागते आणि ती थंडीशिवाय मिळत नाही. काही आठवडे शून्य ते सात अंशांच्या आसपास काढल्याशिवाय मेपलचे डोळे नीट उमलत नाहीत. दिवाणखान्यात ठेवलेला मेपल एखाद-दुसरं वर्ष तग धरतो आणि थकून मरतो. त्याला हवा असतो स्थिर गारठा, ना फार कडक, ना चढउताराचा. आमच्याकडे तशी जागा म्हणजे घराला लागून असलेलं, हीटर नसलेलं गॅरेज. कराडहून आईचा फोन आला तेव्हा तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "अगं, गॅरेजमध्ये काकडतील की बिचारी!" तिला समजावण्यात बराच वेळ गेला आणि तिचं समाधान झालं असं मला अजूनही वाटत नाही.

ऑक्टोबरात झाड बाहेरच ठेवलं. पानं पिवळी, मग केशरी, मग लाल झाली. सुरुवातीची हलकी हिमं मुद्दाम लागू दिली, कारण त्यांच्यामुळेही झाड झोपायला लागतं. पानं गळाल्यावर कुंडीतला सगळा पाचोळा वेचून काढला. त्यात बुरशी आणि किडींची अंडी वसतीला राहतात. रात्रीचं तापमान सतत उणे चारच्या खाली जाऊ लागलं तेव्हा, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबरअखेरीस, झाड आत आणलं. थर्मोकोलच्या मोठ्या खोक्यात कुंडी ठेवली, भोवती पाइनच्या सालीचे तुकडे दाबून भरले आणि खोकं घराच्या भिंतीला चिकटून जमिनीवर ठेवलं. जमिनीवरच, कारण फळीवर खालूनही गारठा लागतो. बुंध्याभोवती बारीक जाळी गुंडाळली. हिवाळ्यात उंदरांना मेपलची साल फार आवडते. पानं नसल्यामुळे उजेडाची गरज नव्हती.

पाण्याचं मात्र विसरून चालत नाही. झोपलेलं झाडही थोडं पाणी पितं आणि गॅरेजची हवा कोरडी असते. मी मातीत लाकडी काडी खुपसून ओल बघायचे आणि गरज वाटली की दुपारी थोडं पाणी द्यायचे. बर्फ पडला की दोन मुठी बर्फ मातीवर ठेवायचा, तो सावकाश वितळतो आणि तेवढं पुरतं. थंडीची लाट यायच्या आधी तर माती ओली हवीच. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे ओल्या मातीचं तापमान सगळं पाणी गोठेपर्यंत शून्याच्या आसपास अडून राहतं. कोरडी माती भराभर खाली जाते.

हे सगळं पणाला लागलं ते ३० जानेवारी २०१९ ला. त्या दिवशी ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइटची नोंद झाली, म्हणजे सेल्सिअसमध्ये जवळजवळ उणे ३१. शाळा बंद होत्या, टपाल खात्यानंही घरोघर टपाल वाटणं थांबवलं होतं. आदल्या संध्याकाळी क्लबमधल्या सगळ्यांची एकमेकांना विचारपूस चालू होती. कुणाकडे जादा हीटर आहे, कुणाच्या गॅरेजचं दार नीट बसत नाही. मी खोक्यांवर जुन्या गोधड्या घातल्या, गॅरेजच्या दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबले आणि तेल भरलेला छोटा हीटर एका खास प्लगला जोडला. हा प्लग तापमान गोठणबिंदूच्या जवळ आलं की आपोआप सुरू होतो आणि सात अंशांच्या आसपास बंद होतो. मध्यरात्री आणि पहाटे उठून तापमापक पाहिला. गॅरेजच्या मधोमध हवा शून्याच्या खाली गेली होती, खोक्यातली माती मात्र शून्यावर टिकून होती. त्या आकड्यानं मला जो आनंद दिला, तो पुढे प्रदर्शनातही मिळाला नाही.

माझा फायकस या काळात घरात, दक्षिणेच्या खिडकीत, दिव्याखाली असतो. तो वडाच्याच कुळातला. रात्रीचं तापमान दहा अंशांखाली जायला लागलं की त्याला आत घ्यायचा आणि वसंतात ते पुन्हा दहाच्या वर स्थिरावलं की बाहेर काढायचा. हीटरमुळे कोरड्या पडणाऱ्या हवेची तक्रार तो थोडी पानं टाकून करतो, एवढंच.

नवीन लोकांना जानेवारीची भीती वाटते. मला मार्च जास्त अवघड वाटतो. गॅरेज पाच-सात अंशांवर गेलं की झाड जागं होतं, आणि एकदा डोळे उकलले की त्याची सहनशक्ती संपते. जानेवारीत जी थंडी त्याला जाणवतही नाही, तिच्या निम्म्या थंडीनं एप्रिलमधली कोवळी पालवी जळते. आमच्याकडे मे महिन्याच्या मध्यापर्यंत हिम पडू शकतं. म्हणून डोळे हिरवे दिसायला लागल्यावर रोज सकाळी झाड बाहेर, संध्याकाळी आत. सतत आत ठेवलं तर उजेडाअभावी कोंब लांबुडके होतात, पेरांमधलं अंतर वाढतं आणि वर्षाचं काम बिघडतं. कंटाळवाणं काम आहे, पण यातून सुटका नाही.

याच दिवसांत क्लबमध्ये कुंड्या बदलण्याची कार्यशाळा असते. दिवसभर सगळे आकादामा ही जपानी दाणेदार माती आणि प्युमिस व लाव्हा हे ज्वालामुखी खडे यांचं मिश्रण चाळत, मुळं विंचरत बसतात. मी दुसऱ्यांच्या झाडांना हात लावला, माझ्या मेपलची कुंडी बदलली नाही. मला जूनमध्ये त्याची पानं काढायची होती, आणि मुळं कापणं व पानं काढणं हे दोन्ही घाव एकाच वर्षात घालू नयेत, असा नियम आहे.

पानं काढायची कशाला? ऑगस्टपर्यंत मेपलची वसंतातली पानं मोठी, करपलेली, कडांना तपकिरी झालेली असतात. जूनच्या मध्यात ती काढली तर आठेक आठवड्यांत नवी, लहान, ताजी पालवी तयार होते आणि फांद्यांची विभागणीही वाढते. फोनवर हे ऐकून घरचे हबकले. आटपाडीच्या मामांना मात्र एका वाक्यात समजलं. ते म्हणाले, "म्हणजे डाळिंबाला ताण देऊन पानगळ करतो, तसंच की." त्यांची डाळिंबाची बाग बहार धरण्यावरच, म्हणजे पाणी तोडून पानं गाळून मग फुलं धरण्यावर, चालते. त्यांनी पुढे विचारलं ते जास्त महत्त्वाचं होतं: "झाडात ताकद आहे ना?" ती असल्याशिवाय हे करायचंच नाही. मी एप्रिल-मेमध्ये नियमित खत दिलं होतं, वाढ जोमदार होती, म्हणूनच कात्री हातात घेतली. देठ ठेवून फक्त पानाचं पातं कापायचं. देठ वाळून आपोआप पडतो आणि त्याच्या बगलेतला डोळा सुरक्षित राहतो. वरच्या जोरकस फांद्यांची सगळी पानं काढली, आतल्या अशक्त फांद्यांची तशीच ठेवली, म्हणजे त्यांना ऊन आणि जोर दोन्ही मिळतं. त्यानंतर पाणी कमी केलं, कारण पानं नसलेलं झाड पाणी ओढत नाही आणि ओल्या मातीत मुळं कुजतात.

उघड्या झाडावर फांद्यांची ठेवण स्वच्छ दिसते. म्हणून तेव्हाच अॅल्युमिनियमची तार गुंडाळून दोन फांद्या खाली घेतल्या. उन्हाळ्यात मेपल इतक्या वेगानं जाडावतो की तार सालीत रुतू शकते. दर आठवड्याला बघत राहिले आणि जुलैअखेरीस कापून काढली. तार नेहमी तुकडे करून काढावी, उलटी उकलू नये. उकलताना हमखास एखादा डोळा मोडतो.

प्रदर्शनाआधीचा आठवडा साफसफाईचा. मातीतलं तण चिमट्यानं काढलं, वर हिरवं शेवाळ बसवलं, कुंडीवरचे क्षारांचे पांढरे डाग घासून तेलाचा अगदी पातळ हात फिरवला. मांडणीत झाडाबरोबर लाकडी चौरंग आणि शेजारी एक छोटं सोबतीचं रोप लागतं. हे रोप ऋतू सांगणारं असावं आणि मुख्य झाडावर कुरघोडी करणारं नसावं. मी उथळ वाडग्यात बारीक गवत लावलं होतं. चौरंग क्लबच्या एका सभासदांनी उसना दिला. पहिल्या प्रदर्शनाला महागडा चौरंग विकत घेऊ नका, असं त्यांनीच बजावलं होतं. मांडणीच्या दिवशी तर मदतीला इतके हात होते की उजवीकडे बोटभर सरकवू की डावीकडे, यावर चौघांचं एकमत होईना.

ज्या आवारात आपलं झाड असतं, तिथेच बागेचा स्वतःचा बोन्साय संग्रह आहे. सुसुमू नाकामुरा या जपानी गुरूंनी २००० साली दिलेली १९ झाडं त्यात आहेत. त्यांच्यासमोर नवशिक्यांच्या गटातला माझा मेपल कुठेच नव्हता, पण शिकण्यासाठी तो शेजार मोलाचा होता. पाइनच्या बुंध्याजवळ कितीतरी वेळ उभी राहून पहिल्या फांदीची उंची बघितली.

इथे आपल्या मुलाकडे आलेल्या पुण्याच्या एक आजी बराच वेळ झाडासमोर उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "याला असं खुजं ठेवून तुम्ही छळत नाही का?" आपल्याकडे बोन्साय घरात नको, वाढ खुंटते, असंही पुष्कळ जण मानतात. मी त्यांना नवी पालवी जवळून दाखवली आणि सांगितलं, की उपाशी झाड पानं काढल्यावर परत फुटत नाही, हे भरल्या पोटाचं आहे. रात्री उठून त्याचं तापमान पाहिल्याचंही सांगितलं. त्यांनी पालवीला बोट लावू का म्हणून विचारलं. प्रदर्शनात हात लावू देत नाहीत, पण माझंच झाड होतं, मी हो म्हटलं.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षणानंतर झाडांवर जी खुली चर्चा होते, तिच्यासाठी खरं तर झाड न्यावं. परीक्षकांनी मुळांच्या पसाऱ्याचं आणि पालवीच्या आकाराचं कौतुक केलं, मग तीन गोष्टी सांगितल्या. उजवीकडची खालची फांदी जाड होत चालली आहे, तिचं टोक कापून जोर मागे आणा. झाड थोडं डावीकडे वळवलं तर बुंध्याचं वळण दिसेल. आणि कुंडी निम्म्या खोलीची हवी.

शेवटची सूचना मला सगळ्यात पटली, आणि अवघडही तीच आहे, कारण उथळ कुंडी म्हणजे हिवाळ्यात मुळांभोवती आणखी कमी माती. येत्या मार्चमध्ये कुंडी बदलायची ठरवली आहे. त्यामुळे जूनमध्ये पानं काढता येणार नाहीत आणि पुढच्या ऑगस्टला हा मेपल प्रदर्शनात नसेल. फायकस नेईन, उष्ण प्रदेशातली झाडं ऑगस्टमध्ये ऐन भरात असतात. थर्मोकोलचं नवं, जास्त जाड खोकं आणून ठेवलं आहे.