ओढ्याच्या अलीकडे

"तुझ्या अण्णांचं तसं झालं, आणि तू असले सिनेमे बघतीस कशी गं?" मावशी विचारते, मैत्रिणी विचारतात, जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजारच्या वहिनी तर दर वेळी विचारतात. असले म्हणजे आडजागेचे. बर्फात अडकलेलं हॉटेल, जंगलातली खोली, उसाच्या मधोमध उभं घर. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगते.

माझं एक ठरलेलं उत्तर होतं. भूत निमित्तमात्र असतं, खरी भीती अंतराची असते. 'द थिंग' (1982) बघा. अंटार्क्टिकावरच्या केंद्रातला शास्त्रज्ञ कुणी बाहेर पडू नये म्हणून रेडिओ फोडतो, हेलिकॉप्टर निकामी करतो. 'मिझरी'मध्ये (1990) पाय मोडलेला लेखक जिवाच्या कराराने फोनपर्यंत पोचतो, तर त्या फोनच्या आत काहीच नाही, नुसतं टरफल. मोबाइलची रेंज गेली की थिएटरात लोक हसतात, म्हणतात, ओढूनताणून केलंय. मला कधीच हसू आलं नाही. मदत पोचत नाही म्हणजे काय, ते या सिनेमांनाच कळतं, असं मी म्हणायचे. चिडून म्हणायचे. वस्तीवर एक रात्र काढा आणि मग विचारा, असंही म्हणायचे.

ती रात्र 1998 च्या सप्टेंबरातली. मंगळवेढ्याकडची काळी रानं पावसात कशी होतात ते तुम्हांला माहीत आहे. चप्पल रुततेच, वर पायाला दोन-दोन किलो माती चिकटते. अण्णा पडवीत वाकळ टाकून झोपले होते. दोनच्या सुमाराला पोटात दुखतंय म्हणून उठले. आईने ओवा दिला. उलटी झाली. आम्हांला वाटलं, अपचन. मग अण्णा म्हणाले, "डोळं उघडंनात." कंदील जवळ नेला तर पापण्या अर्ध्यावर येऊन थांबलेल्या. मण्यार चावली तर आग होत नाही, सूज येत नाही, कित्येकदा चावल्याचं कळतही नाही, हे मला फार नंतर समजलं. आईला मात्र तेवढ्यावरून काहीतरी उमगलं. ती अण्णांना सोडून हलू शकत नव्हती. मला म्हणाली, "पलीकडच्या वस्तीवर जा. जीप घेऊन या म्हणावं."

मी तेरा वर्षांची. पलीकडची वस्ती दीडेक किलोमीटर. मध्ये ओढा.

आमच्याकडे उसासारखा आडोसा नाही, माळ उघडा. त्या वस्तीवरचा बल्ब मला घरातून निघाल्यापासून दिसत होता. 'लपाछपी'तली (2017) गरोदर बाई उसात अडकते, तिला चार हातांपलीकडचं दिसत नाही. मला सगळं दिसत होतं. मी निम्म्याहून जास्त वाट पळत गेले, पडले, उठले, पुन्हा पळाले. ओढ्यापाशी आले आणि थांबले.

ओढ्याला गुडघ्याएवढं पाणी होतं. पाण्याची भीती नव्हती. काठावर चिंच होती, आणि त्या चिंचेवर हडळ असते, असं आजीने मला लहानपणापासून सांगितलेलं होतं. रात्री एकट्या पोरीला ती नावाने हाक मारते. मी अलीकडे उभी राहिले. हाक येतेय का ते ऐकत राहिले. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील, अर्धा तास असेल. पाऊस थांबून पुन्हा सुरू झाला, एवढं आठवतंय. समोर बल्ब दिसत होता.

मग गेले. जीप आली. चिखलात रुतली, बैल लावून काढली. तालुक्याच्या दवाखान्यातून सोलापूरला न्या म्हणाले. माचणूरच्या पुढे, भीमेच्या पुलावर, अण्णांचा श्वास थांबला.

पुढे एका डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सापाचं इंजेक्शन आणि मशीनचा श्वास वेळेत मिळाला तर माणूस वाचू शकतो. मी विचारलं, वेळेत म्हणजे किती? ते म्हणाले, जितकं लवकर तितकं बरं. त्यापुढे मी विचारलं नाही.

आजवर सगळ्यांना सांगत आले की चिखलामुळे उशीर झाला. चिखल होताच. पण आता बघा, माझ्या त्या ठरलेल्या उत्तराचं काय राहिलं? अंतर मी कापलं होतं. मला अडवलं ते चिंचेवरच्या हडळीनेच. भूत निमित्तमात्र असतं, असं ठासून सांगणारी मी खोटं बोलत होते, किंवा स्वतःला तेवढं तरी वाटू देत होते. मग हे सिनेमे का बघते? दारातून बाहेर पडलेलं माणूस थांबतं की पुढे जातं, ते बघायला, असं मध्यंतरी वाटायचं. ते पुढे गेलं की मला बरं वाटतं का? कधी वाटतं. कधी त्याचा राग येतो. आजीचा राग मात्र कधीच आला नाही. तिच्याच आईने तिला तसंच भिववलं असणार, पोरीबाळींनी रात्री ओढ्याकडे जाऊ नये म्हणून.

आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. हे कुणीतरी तिला वाचून दाखवेल, तेही मला ठाऊक आहे.

मागच्या पावसाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली होती. मी 'लपाछपी' लावला होता. ती भाजी निवडत बसली होती, बघत नसावी असं मला वाटलं. पडद्यावरची बाई उसात शिरली तशी आई एकदम मोठ्याने म्हणाली, "थांबू नको गं बाई, पळ की!"

मी आवाज कमी केला. आईने मान वर केली नाही, मेथीची पानं खुडत राहिली.