पट्ट्याची पिन आणि कमांडोंचे घड्याळ

गेल्या वैशाखात, रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून दोन वाजता रावेरजवळच्या आमच्या केळीच्या बागेत मोटार चालू करायला गेलो असताना, माझे 'कमांडो' घड्याळ व्हॉल्व्हपाशी साचलेल्या चिखलात पडले, ते पुन्हा सापडलेच नाही. जाहिरातीत तोंडाला काळा रंग फासलेला सैनिक होता आणि कवचावर स्क्रूंची भरपूर नक्षी होती. तुटली ती पट्टा धरून ठेवणारी, स्प्रिंगवर बसणारी बारीकशी पिन.

सैन्यातून निवृत्त झालेले आमचे नाना हसले आणि म्हणाले, "पट्टा पाहून घ्यावे रे घड्याळ." त्यांचे म्हणणे किती खरे होते, हे पुढे वाचताना कळले. १९७०च्या दशकात ब्रिटिश संरक्षण खात्याने रोलेक्सकडून पाण्यात बुडी मारणाऱ्या सैनिकांसाठी जी सबमरीनर घड्याळे घेतली, त्यांत या सुट्या पिनांऐवजी कवचालाच पक्क्या जोडलेल्या दांड्या होत्या. अशा दांड्यांमुळे पट्टा एकसंध कापडाचा, घड्याळाच्या पाठीमागून ओवलेला असावा लागतो. असाच पट्टा साध्या पिनांच्या घड्याळात ओवला तर एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर मनगटाला लटकत राहते. माझ्या नशिबी तेवढेही नव्हते.

खऱ्या मागणीतून आलेले घड्याळ म्हणून मला ब्लाँपँ या स्विस कंपनीचे १९५३ सालचे 'फिफ्टी फॅदम्स' अधिक मोलाचे वाटते. फ्रान्सच्या बुडी मारून लढणाऱ्या सैनिकांचे पथक उभारणारे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो यांना अंधाऱ्या पाण्यात वाचता येईल आणि बुडी मारल्यापासून किती मिनिटे गेली हे दाखवील असे घड्याळ हवे होते. त्यासाठी तबकडीभोवतीचे फिरते कडे आले, आणि ते धक्क्याने आपोआप सरकू नये, याची योजनाही झाली. कारण हवेच्या हिशोबातली चूक पाण्याखाली दुरुस्त करता येत नाही.

उजेडाची कथा जरा वेगळी आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ल्युमिनॉक्स या घड्याळ कंपनीने काट्यांवर ट्रिटियम या किरणोत्सारी वायूच्या सूक्ष्म काचनळ्या बसवल्या आणि १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या 'सील' या कमांडो पथकांशी आपले नाव जोडून घेतले. या नळ्यांना उन्हात ठेवावे लागत नाही, त्या स्वतःच उजळतात. पंचवीस वर्षांच्या उजेडाचे वचन ऐकून मात्र हुरळू नये. ट्रिटियमचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मे होण्याचा काळ, सुमारे १२.३ वर्षांचा असल्यामुळे पंचवीस वर्षांनंतर मूळ तेजाचा फार तर चौथा हिस्सा उरतो.

उलट, कॅसिओच्या किकुओ इबे यांनी १९८३ मध्ये आणलेले जी-शॉक कोणत्याही सेनेसाठी बनवलेले नव्हते. दहा मीटरवरून पडले तरी फुटू नये, हा त्यांचा हट्ट होता, आणि यंत्र आतल्या आत जवळजवळ तरंगते ठेवून त्यांनी तो साधला. स्वस्त, हलके आणि हरवले तर हळहळ न वाटणारे असल्यामुळे ते अनेक सैनिकांनी स्वतःच्या पैशांनी विकत घेतले. ही शिफारस मला सैनिकाच्या छायाचित्रापेक्षा वजनदार वाटते.

नवे घड्याळ मी अजून घेतलेले नाही. नानांनी त्यांचे जुने, चावीचे एचएमटी मला दिले असून जळगावच्या घड्याळजीकडून त्याला एकसंध कापडी पट्टा ओवून घेतला आहे. अंधारात मात्र ते मुळीच दिसत नाही, त्यामुळे रात्री मोटारीवर जाताना बॅटरी न्यावीच लागते.