चमचा, फरशी आणि दुपार

स्वयंपाकघरात सगळ्यात निरुपद्रवी कोण, असं विचारलं तर मी चमच्याचं नाव घेईन. विळी बोट कापते, किसणी सालटं काढते. चमच्याने फार तर जीभ पोळते, तीही आपल्याच घाईमुळे. अशा या गरीब चमच्याने जुलै २०१० मध्ये मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात अबू सालेमचा चेहरा कापला. मुस्तफा डोसाने चमचा घासून धारदार केला आणि त्याच्यावर चालवला, अशा बातम्या तेव्हा पेपरांत होत्या. दोघंही तेव्हा १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचे आरोपी. ज्या प्रकरणात आरडीएक्स आणि एके-५६ चे हिशेब, त्यातली माणसं भांडणासाठी चमच्यावर आली! पुढे सालेमला तळोज्याला हलवलं, तर तिथे २०१३ साली त्याच्यावर चक्क पिस्तुलातून गोळी झाडली गेली, हाताला लागली. पिस्तूल काही बराकीत बसून घासता येत नाही. ते कुठल्या वाटेने आत येतं, हा प्रश्न मी झडती घेणाऱ्यांवर सोडतो. माझा जीव चमच्यात अडकलाय.

कारण चमच्याला बाहेरून काहीच लागत नाही. सिमेंटच्या फरशीत वाळू, वाळूत गारगोटी, आणि गारगोटी पोलादाला हळूहळू खाते. धारवाला बरेच दिवस फिरकला नाही की घरोघरी सुरी कपाच्या बुडावर घासतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की आपण चार हात मारून कंटाळतो, कुकरची शिट्टी होते, फोन वाजतो. कैद्याला कोण हाक मारणार? तुरुंग माणसाकडून पट्टा काढून घेतो, पैसे काढून घेतो, आणि त्या बदल्यात दुपारी देतो. लांबच लांब, रिकाम्या दुपारी. खरा कच्चा माल तोच, चमचा निमित्ताला.

या दुपारींतून नेहमी रक्तच निघतं असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या अल्काट्राझ बेटावर जून १९६२ मध्ये तीन कैदी कोठडीच्या मागची भिंत पोखरून पसार झाले. हत्यारं काय, तर जेवणघरातले चमचे आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरचं घरगुती ड्रिल. अंथरुणात खरे केस लावलेली खोटी डोकी ठेवली होती. ते तिघं पोहोचले की बुडाले, ते आजवर ठरलेलं नाही. असल्या वस्तू काचेच्या कपाटात मांडल्या की लोक ‘काय डोकं आहे’ म्हणून कौतुक करतात. खोट्या डोक्यांचं मीही करतो. चाकूंचं मात्र होत नाही माझ्याच्याने. त्यातले कितीतरी चाकू कारागिरीच्या हौसेने नव्हे, शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या भीतीने घासलेले असतात. तो घासतो म्हणून हा घासतो.

मग तुरुंगवाले वस्तूंमागे लागतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी कैद्याला मिळतो तो टूथब्रश अंगठ्याएवढा, नाहीतर रबरासारखा लिबलिबीत. दात घासता यावेत, दांडा घासता येऊ नये. कैद्यांसाठीचे टीव्ही आणि रेडिओ पारदर्शक प्लॅस्टिकचे असतात, आतल्या तारा आणि स्क्रू सगळे उघडे. आतडी दिसणाऱ्या टीव्हीवर मालिका बघण्यात काय गंमत येत असेल, कोण जाणे.

या पाठलागाचं टोक कोलोरॅडोत आहे. इलिनॉयच्या मॅरियन तुरुंगात २२ ऑक्टोबर १९८३ रोजी एकाच दिवसात दोन पहारेकऱ्यांना दोन वेगवेगळ्या कैद्यांनी तुरुंगातच बनवलेल्या सुऱ्यांनी भोसकून मारलं. त्यानंतर तो तुरुंग २३ वर्षं जवळपास कुलूपबंदच राहिला, आणि सरकारने ठरवलं की अशा माणसांसाठी वेगळीच इमारत हवी. ती १९९४ मध्ये कोलोरॅडोतल्या फ्लॉरेन्स गावी उभी राहिली. तिथल्या कोठडीत पलंग, टेबल, स्टूल सगळं ओतीव काँक्रीटचं. उचकटायला पत्रा नाही, मोडायला लाकूड नाही.

म्हणजे धार लावायचं साहित्य काढता काढता त्यांनी अख्खी खोलीच धार लावायच्या दगडाची करून ठेवली! वर माणूस दिवसातले तेवीसेक तास त्या खोलीत एकटा. तेव्हा तिथे सगळी मेहनत एकाच गोष्टीवर: त्याच्या हाती घासण्याजोगं काही लागू नये.