आमची वाटचाल : मोटरचा आवाज आणि मागचा वारा

म्हापशात वडिलांचं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरची तार नव्यानं गुंडाळण्याचं दुकान. चवथीच्या तोंडावर मिक्सर, उन्हाळ्यात पंप, पावसात माश्या मारायच्या. हॉटेलांचे व्हॅक्यूम क्लीनर आले ते माझ्या काळात, कांदोळी-कळंगुटकडून. रेती आणि खारा वारा, त्यामुळे बेअरिंग नि कार्बन ब्रश बदलण्याचं काम भरपूर.

एकदा हाउसकीपिंगच्या बाई म्हणाल्या, "बाब, आवाज कमी होईल का? सकाळी लावला की पाहुणे दार उघडून बघतात. आणि पुढून धूळ ओढतो, मागच्या वाऱ्यानं दुसरी उडवतो." पाहुण्यांची तरी काय चूक! युरोपात 2017 च्या सप्टेंबरपासून घरगुती क्लीनरला 900 वॅट आणि 80 डेसिबलची मर्यादा आहे.

मी मोटरभोवती फोम गच्च कोंबला. आवाज बसला, बाई खूश. आठवड्याच्या आत मोटर जळून परत. कोरड्या क्लीनरमध्ये ओढलेली हवाच मोटरमधून जाते आणि तिला थंड ठेवते. तीच वाट मी बुजवली होती. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, पदरमोड करून घातलं.

मग हिशेब मांडला. मिनिटाला 24,000 फेरे, म्हणजे सेकंदाला 400. पंख्याला 9 पाती, म्हणजे 3,600 हर्ट्झची शिट्टी. माणसाचा कान 2,000 ते 5,000 हर्ट्झच्या पट्ट्यातच सर्वांत तिखट! ही शिट्टी फोम खातो. घरघर मात्र खात नाही. ती मोटर सांगाड्याला हलवते म्हणून येते, तिला रबराची बैठक लागते. उरली वाऱ्याची फुसफुस. बाहेरचं तोंड दुप्पट केलं की वाऱ्याचा वेग निम्मा होतो आणि फुसफुस कागदावर तरी 15 डेसिबलनं उतरते.

म्हणून वाऱ्याच्या वाटेवर आवाज दाबणारी पेटी बसवायचं ठरवलं. पहिली पेटी पत्र्याची केली, ती घुमटासारखी वाजली. मग 12 मिलिमीटर प्लायवूड घेतलं. आत वाऱ्याला दोन वळणं, फोम फक्त भिंतींना, आणि वाट कुठेही मोटरच्या तोंडापेक्षा अरुंद नाही. शेवटी रुंद जाळी, तोंड वर, म्हणजे लादीवरची धूळ उडत नाही. फोनवर आठ-नऊ डेसिबलचा फरक दिसला. फोनच्या आकड्यावर माझा विश्वास नाही, फरकावर आहे. खरी परीक्षा तापमानाची: अर्धा तास चालवून मोटरचं अंग आधीपेक्षा जास्त तापलं तर पेटी परत उघडायची.

जुलैत फोमला बुरशी धरली, कॉरिडॉरभर कुबट वास. तेव्हापासून पावसाळा सरला की फोम बदलतो. ओलं-सुकं दोन्ही ओढणाऱ्या यंत्रांत मोटर थंड करायला वेगळा पंखा असतो. त्याच्या झरोक्यांना आम्ही हात लावत नाही.

आता दुकानात तिघे आहोत. त्या बाई दुसऱ्या हॉटेलात गेल्या, तिथूनही यंत्रं पाठवतात. मागच्या महिन्यात एक आलं, "पुन्हा शिट्टी मारतंय" म्हणून. अर्धा दिवस पेटी उघडून बसलो. शेवटी वडिलांनी नळीवरून हात फिरवला. मुठीपाशी बोटभर चीर होती.