कपडा आधी उलटा करा

‘सेलीन’ या फ्रेंच फॅशन ब्रँडचं जुनं काही घ्यायचंय, असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न असतो, कोणत्या डिझायनरच्या हातचं? फीबी फायलो तिथे २००८ ते २०१८ होती. २०१८ मध्ये हेदी स्लिमान आला आणि त्याने रोमन लिपीतल्या नावातल्या (Céline) पहिल्या ‘ई’वरची छोटी तिरकी रेघ काढून टाकली. तेव्हापासून बाजारात त्या रेघेलाही भाव आहे. पण रेघ आहे म्हणजे कपडा फायलोचा, हा हिशेब कच्चा. १९९७ ते २००४ तिथे मायकेल कॉर्स होता, आणि रेघ तेव्हाही होतीच.

डिझायनर आता दर काही वर्षांनी फॅशनघर बदलतात, त्यामुळे ब्रँडचं नुसतं नाव फार काही सांगत नाही. गुचीमध्ये टॉम फोर्डचा काळ १९९४ ते २००४, आलेस्सांद्रो मिकेलेचा २०१५ ते २०२२. दोघांच्या कपड्यांचं एकमेकांशी नातं शोधावं लागेल. इव्ह साँ लोराँची तयार कपड्यांची ‘रिव्ह गोश’ मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. २०१२ मध्ये तयार कपड्यांवरचं नाव ‘साँ लोराँ पॅरिस’ झालं. ही सालं पाठ असली तर विक्रेत्याची निम्मी थाप तिथेच कळते.

मेझाँ मार्टिन मार्जिएला या फॅशनघराची गंमत वेगळी. १९८८ मध्ये सुरू झालेल्या या घराचं लेबल म्हणजे कोरी पांढरी पट्टी, चार कोपऱ्यांत चार टाके. अस्तर नसेल तर ते टाके पाठीवर बाहेरून दिसतात. ते कच्चे टाके समजून कापून टाकणारे महाभाग आहेत. टाके गेले की किंमतही गेली. १९९७ मध्ये ० ते २३ आकड्यांची पट्टी आली. ज्या आकड्याभोवती गोल, त्या मालिकेतला तो कपडा. १० म्हणजे पुरुषांचे कपडे. स्त्रियांच्या मुख्य मालिकेवर मात्र कोरी पट्टी चालूच राहिली, म्हणून कोरी पट्टी दिसली की ‘१९९७ च्या आधीचं’ असं धरू नका. २०१५ पासून नावातला ‘मार्टिन’ गेला.

लेबल उसवून दुसऱ्या कपड्यावर लावता येतं, हे विसरायचं नाही. पट्टीच्या कडेला रिकामी सुईची भोकं आहेत का, दोरा बाकीच्या शिवणीपेक्षा नवा दिसतो का, ते बघा. मग कपडा पूर्ण उलटा करा. अमेरिकन कपड्यात बाजूच्या शिवणीत आयएलजीडब्ल्यूयू या शिवणकामगार युनियनची पट्टी सापडते. ती लाल, पांढरी, निळी असेल तर कपडा १९७४ ते १९९५ मधला. धुण्याच्या सूचनांची कायम शिवलेली पट्टी तिथे १९७२ पासून सक्तीची झाली. धातूची चेन बाजूच्या शिवणीत असेल तर साधारण १९६० च्या आधीचा कपडा. नायलॉनची चेन त्यानंतरची. पण चेन मोडते आणि बदलली जाते, तेव्हा एकट्या चेनवर साल ठरवू नये. कोणत्याही शिंप्याला विचारा, तो आधी माया, म्हणजे शिवणीत आत सोडलेलं जादा कापड, बघेल. चांगल्या जुन्या कपड्यात माया भरपूर सोडलेली असते, कारण तो पुढे सैल करायचा असतो. शनेलच्या जॅकेटमध्ये खालच्या घेराला आतून बारीक साखळी असते, म्हणजे जॅकेट अंगावर नीट पडतं. ती जागेवर आहे का बघा.

साइजचा आकडा वाचूच नका. १९६० च्या दशकातला बारा नंबर आजच्या बारापेक्षा बरीच लहान. कपडा सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा आणि अंगाच्या मापापेक्षा किमान दोन इंच जास्त असेल तरच घ्या.

आता न घेण्याच्या गोष्टी. काखेतलं रेशीम उजेडासमोर धरा. घामाने रंग गेला असेल तर तिथला धागाही कुजलेला असतो, हलक्या ताणाने फाटतो आणि रफू टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३० पर्यंतचं बरंच रेशीम कथिलाच्या क्षारांनी जड केलेलं आहे. ते घडीवर आपोआप चिरत जातं आणि त्यावर इलाज नाही. १९२० आणि ३० च्या दशकांतल्या काही टिकल्या जिलेटिनच्या असतात. पाणी, वाफ किंवा उष्णता लागली की विरघळतात. आतल्या बाजूच्या एका टिकलीला ओलसर कापूस टेकवा, चिकट झाली तर तो कपडा लाँड्रीत पाठवायचा नाही.

१९९० नंतरच्या चकचकीत, चामड्यासारख्या कपड्यांपासून मुंबई-कोकणात तर चार हात लांबच राहावं. त्यांच्यावरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने तुटतो, आधी चिकट होतो, मग पापुद्रे निघतात. कपाटात ठेवलेल्या बुटांचा तळवा भुगा होऊन पडतो, त्यामागेही बहुतेक वेळा हेच असतं. उलट इसे मियाकेची १९९३ ची ‘प्लीट्स प्लीज’ मालिका आपल्या हवेला सोयीची. पॉलिस्टरचा कपडा आधी मोठा शिवून मग उष्णतेने चुण्या पाडलेल्या असतात. पाण्यात धुवा, सुरळी करून ठेवा. इस्त्री केलीत तर चुण्या संपल्या.

पावसाळ्यात कपाटात आर्द्रतामापक ठेवाच. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास उत्तम, साठपर्यंत चालेल. पासष्टच्या वर दिवसचे दिवस राहिली तर बुरशी ठरलेली. सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या. हिरवं पडलं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास सुकवा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते नको. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून तीन इंच पुढे ओढा. ड्रायक्लीनरचं प्लास्टिक त्याच दिवशी काढा. मांजरपाट दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढली की गुंडाळायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. तिरप्या कापाचे, विणलेले आणि मणीकामाचे कपडे हँगरवर लोंबतात आणि खांद्यावर फाटतात. ते आडवेच ठेवायचे, घडीत मलमलची सुरळी घालून. दर सहा महिन्यांनी घडी बदला, शालूची मोडतो तशी.

डांबरगोळ्यांची वाफ प्लास्टिकची बटणं आणि टिकल्या मऊ करते. कडुलिंबाच्या पाल्याने कसरीची अळी मरत नाही, आणि लोकर खाते ती अळीच. लोकरी कपडा पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर कपड्यावर पाणी सुटतं. मणी, टिकल्या, चामडं यांना हा उपाय करू नका.

मणी गळत असतील तर उलट बाजू बघा. साखळीसारखा टाका दिसला तर ते आरीकाम. युरोपातल्या फॅशनघरांसाठी त्यातलं पुष्कळ भारतात, मुंबईतही होतं. या साखळीचं एक टोक सुटलं की ओळच्या ओळ उसवत जाते. म्हणून लोंबणारा दोरा कापायचा नाही आणि ओढायचा तर नाहीच. बारीक सुईने तो शेवटच्या फाशातून मागे घ्या, दोन टाके मारून अडकवा आणि गळालेले मणी डबीत जपून ठेवा. लग्नाच्या घागऱ्यांवर काम करणारा आरीवाला कारीगर ते तासाभरात बसवून देतो.